सिस्टरला चूक सांगता येते का?



मागच्या महिन्यात आपल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नसलेला विषय निघाला आणि दोन तास चालला. कर्जफेडीचा आढावा तसाच राहून गेला. विषय दवाखान्याचा होता. ज्या ताईंच्या बाबतीत हे घडलं त्यांची परवानगी घेऊनच इथे लिहिते आहे. त्यांचं नाव, गाव आणि दवाखाना मात्र सांगणार नाही. का, ते पुढे वाचलं की कळेल.

ताईंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास सिस्टर आल्या, दंडात इंजेक्शन दिलं आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. दहाएक मिनिटांनी त्याच सिस्टर धावत परत आल्या. चेहरा पांढराफटक. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू." ताईंनी सांगितलं, आणि सिस्टर मटकन खालीच बसल्या. दिलेलं इंजेक्शन इन्सुलिनचं होतं. ते होतं वॉर्डातल्याच दुसऱ्या बाईंसाठी. दोघींचं पहिलं नाव एकच.

आपल्या ताईंना शुगर नाही. शुगर नसलेल्या माणसाला इन्सुलिन दिलं तर रक्तातली साखर खाली खाली जाते. घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वेळेत कळलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. रात्री झोपेत असेल तर त्याला स्वतःला आणि शेजारच्यालाही पत्ता लागत नाही.

त्या सिस्टरनी लगेच डॉक्टरांना फोन केला आणि "माझ्या हातून चुकीच्या पेशंटला गेलंय" असं सरळ सांगितलं. ग्लुकोजची सलाईन लागली. बोटाला टोचून टोचून साखर तपासली. ताईंना घाम आला, थरथर झाली. पण सिस्टर येऊनजाऊन त्यांच्याचजवळ, पहाटेपर्यंत. सकाळी ताई उठून बसल्या.

सकाळीच घरचे आले. मुलगा ओरडला, दीर मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागले, खाली माणसं जमली. दवाखान्याने त्या सिस्टरला मेमो दिला. त्या कंत्राटी होत्या. ताई टाके काढायला गेल्या तेव्हा त्या तिथे नव्हत्या.

हे सगळं बैठकीत ऐकल्यावर आपल्या बायका चिडणारच. "सगळ्या जणींच्या सह्या घेऊन तक्रार करायची" असं ठरलं आणि मसुदा लिहायला मीच बसले. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी मी, असल्या अर्जांना माझा हात चांगला चालतो. "सदर परिचारिकेवर कठोरात कठोर कारवाई करण्यात यावी" इथपर्यंत लिहून झालं होतं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "पण चूक झाली हे सांगितलं कोणी? तिनंच ना?"

मला उत्तर देता आलं नाही. अर्ज तसाच पिशवीत ठेवला.

घरी येऊन मावसबहिणीला फोन लावला. ती नऊ वर्षं नर्स आहे, आधी सरकारीत कंत्राटी होती, आता एका खाजगी दवाखान्यात आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "तिनं सांगितलं नसतं तर तुमच्या ताईंना सकाळी उठवायला गेल्यावर कळलं असतं. आता त्या वॉर्डातली दुसरी सिस्टर असं सांगायच्या आधी दहादा विचार करेल." मी विचारलं, "तू सांगितलं असतंस?" ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माहीत नाही गं."

तेव्हापासून मी या विषयावर वाचते आहे, आणि दोन-चार सिस्टरशी बोलले आहे. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

या विषयाला एक नाव आहे, रुग्णसुरक्षेची संस्कृती. संस्कृती म्हटलं की आपल्याला सणवार आठवतात, पण इथे अर्थ साधा आहे. त्या वॉर्डात काम करायची रीत काय आहे? चूक झाली तर माणसं बोलतात की गप्प बसतात? नवीन सिस्टर मोठ्या डॉक्टरांना "सर, हा डोस जास्त वाटतोय" म्हणू शकते का? साहेबांना सुरक्षा महत्त्वाची वाटते का लवकर कॉट रिकामी होणं? ही रीत भिंतीवरच्या फलकांत दिसत नाही. ती तिथे काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते, आणि त्यातही सगळ्यात जास्त सिस्टरना, कारण डॉक्टर राऊंड घेऊन जातात आणि पेशंटजवळ चोवीस तास असतात त्या सिस्टर.

म्हणून मग कोणीतरी ठरवलं की त्यांनाच विचारू. अमेरिकेत आरोग्यसेवेची गुणवत्ता बघणारी एक सरकारी संस्था आहे. तिने २००४ मध्ये दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रश्नावली काढली. ती पुढे अनेक देशांत भाषांतर होऊन वापरली गेली, आपल्या भारतातल्या दवाखान्यांतही. त्यात नाव लिहायचं नसतं. प्रश्न असे असतात: तुमच्या वॉर्डात कामाची गर्दी झाली की एकमेकींना मदत करता का? माणसं पुरेशी आहेत का? ड्युटी बदलताना माहिती सुटते का? झालेली चूक तुमच्या विरोधात वापरली जाईल असं वाटतं का? गेल्या वर्षभरात तुम्ही किती चुका लिहून कळवल्या?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ६८० रुग्णालयांची उत्तरं एकत्र करून छापली गेली. त्यातले चारच आकडे सांगते. आपल्या वॉर्डात आम्ही एकजुटीने काम करतो, या बाबतीत ८२ टक्के उत्तरं चांगली आली. पुरेसं मनुष्यबळ आहे का, यावर ५४ टक्के. एका ड्युटीकडून दुसऱ्या ड्युटीकडे पेशंट नीट सोपवला जातो का, यावर ४८ टक्के. आणि चूक झाली तर शिक्षेची भीती न बाळगता बोलता येतं का, यावर सगळ्यात कमी, ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त उत्तरं 'नाही बोलता येत' किंवा 'सांगता येत नाही' अशी. शिवाय निम्म्याहून जास्त कर्मचाऱ्यांनी वर्षभरात एकही चूक लिहून कळवली नव्हती.

हा अमेरिकेचा हिशेब आहे, आपला नाही. तिथली साधनं वेगळी, पगार वेगळे. पण इतक्या श्रीमंत देशातही सिस्टर सगळ्यात जास्त याच गोष्टीला घाबरतात, हे वाचून मला माझ्या बहिणीचं ते "माहीत नाही गं" आठवलं.

आता तुम्ही म्हणाल, कळवलेल्या चुका कमी म्हणजे चुकाच कमी, चांगलंच आहे की! मलाही आधी तसंच वाटलं होतं. आपल्या गटाचं उदाहरण घ्या. गटाच्या सचिव ताई कॅशबुक लिहिताना चुकल्या. अंतर्गत कर्जाचे दोनशे रुपये एकीच्या नावाऐवजी दुसरीच्या नावावर पडले. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "बायांनो, माझ्याकडून चुकलंय." त्यावर गटाने काय करावं? "अगोबाई, बरं झालं सांगितलंस" म्हणून दोघी जणी सोबत बसून खातं दुरुस्त करतील, की "पैसे खाल्ले असतील" म्हणून गावभर करतील? गावभर केलं तर पुढच्या वेळी सचिव ताई बोलणार नाहीत. व्हाइटनर लावतील, पान चिकटवतील. रजिस्टर कोरं करकरीत दिसेल. मग लेखापरीक्षणात तीन वर्षांचा घोळ एकदम बाहेर येईल. अशी दोन रजिस्टरं मी स्वतः पाहिली आहेत, आणि दोन्ही ठिकाणी पैसे कोणी खाल्ले नव्हते. तेव्हा रजिस्टरमध्ये खाडाखोड करून शेजारी सही केलेली दिसली तर मी खूश होते. अगदी स्वच्छ रजिस्टर दिसलं की मला शंका येते.

दवाखान्यातही तसंच आहे. ज्या वॉर्डातून वर्षभरात एकही चूक कळवली जात नाही, तिथे एक तर देव ड्युटीला असतो, नाहीतर माणसं घाबरलेली असतात.

भीती उगाच नसते. आपल्या राज्यातलीच दोन उदाहरणं आहेत, दोन्ही तेव्हा तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांना कामावरून काढलं, आणि पुढे दोन परिचारिकांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात (आताचं अहिल्यानगर) अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. तेव्हा एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली होती. परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. इमारतीची वायरिंग, आग विझवायची यंत्रणा, तिचं परीक्षण हे सिस्टरच्या हातात असतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

ज्यांची बाळं गेली त्या आयांचं दुःख कुठल्याही समजुतीने कमी होणार नाही. आणि ड्युटीवर असलेल्या माणसाला काहीच विचारू नये असंही मी म्हणत नाही. पण अशी बातमी राज्यातली प्रत्येक सिस्टर वाचते. आणि मशीनमधून जळका वास येतोय हे तिसऱ्यांदा लेखी कळवावं, की आपण त्या मशीनला हातच लावला नाही असं दाखवावं, याचा विचार ती नंतर करते.

जगात या विषयाकडे बघायची दृष्टी बदलली ती १९९९ च्या एका अहवालामुळे. अमेरिकेतल्या वैद्यक संस्थेने तो काढला. तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्यासारख्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरत असावीत असा अंदाज त्यात होता. खळबळ उडाली. पण अहवालाने डॉक्टर-नर्स वाईट आहेत असं म्हटलं नव्हतं. चूक माणसाच्या हातून होणारच, तेव्हा ती रुग्णापर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था बांधा, असं त्याचं म्हणणं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आजही जगात दर १० रुग्णांमागे सुमारे एकाला उपचार घेताना इजा होते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळतात.

व्यवस्था म्हणजे काय, ते आपल्या ताईंच्याच गोष्टीतून बघू. मी ताईंशी पुन्हा सविस्तर बोलले आणि बहिणीला विचारत गेले, तेव्हा चित्र असं दिसलं.

ताईंच्या कॉटवरचा पंखा बंद होता. संध्याकाळी मामांनी त्यांना नऊ नंबरच्या कॉटवर हलवलं आणि तिथल्या बाईंना पलीकडे नेलं. केसपेपर मात्र हलवला नाही. रात्री आठला ड्युटी बदलली. सिस्टर लोक याला 'ओव्हर देणं' म्हणतात, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला एकेका पेशंटची माहिती देते. ओव्हर देणारीची शेवटची बस होती. तिने सांगितलं, "नऊ नंबरला रात्रीचं इन्सुलिन आहे." नाव नाही, नंबर. रात्रीच्या सिस्टर एकट्या होत्या आणि वॉर्डात तीसच्या वर पेशंट. त्यांनी कॉटजवळ जाऊन विचारलंही होतं, पण पहिल्या नावानेच हाक मारून: "तुम्हीच ना?" नाव एकच असल्यामुळे ताई म्हणाल्या, "हो." मनगटावर नावाची पट्टी कोणाच्याच नव्हती.

आपण घावन किंवा धिरडं घालतो तेव्हा त्याला जाळी पडते. एकावर एक सहा धिरडी ठेवली तर आरपार दिसत नाही, कारण एकाचं भोक दुसऱ्याने झाकलं जातं. पण कधीतरी सगळी भोकं एका ओळीत येतात. इंग्लंडच्या जेम्स रीझन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच चीजच्या जाळीदार कापांचं उदाहरण देऊन सांगितलं आहे. आपल्याकडे चीज कुठलं, म्हणून मी धिरडं घेतलं. बंद पंखा, न हललेला केसपेपर, घाईचा ओव्हर, एकटी सिस्टर, नसलेली पट्टी, सारखं नाव. यातलं एक भोक जरी बुजलेलं असतं तरी इन्सुलिन ताईंपर्यंत पोचलं नसतं. आणि दवाखान्याने काय केलं? शेवटच्या धिरड्याला मेमो दिला. पंखा अजून बंदच असेल.

त्या सिस्टरला ती चूक सापडली कशी? केसपेपरवर नोंद करायला बसल्या तेव्हा वय जुळेना. म्हणजे बरोबर कामही त्यांनीच केलं होतं. नोंद सकाळी एकदम करायची, अशी सवय असती तर?

सिस्टरशी बोलताना आणखी एक गोष्ट सारखी येत राहिली, ती म्हणजे वरच्यांशी बोलायची भीती. एकीने सांगितलं, फोनवर डॉक्टरांनी डोस सांगितला, नीट ऐकू आला नाही, पुन्हा विचारलं तर "कान आहेत का?" असं ऐकावं लागलं. तेव्हापासून ती पुन्हा विचारत नाही, इन्चार्ज सिस्टरना विचारते, त्या नसल्या तर अंदाज करते. आता फोनवरचा आदेश ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. पैशाच्या व्यवहारात आपण नाही का, "तीन हजार चारशे, बरोबर?" असं म्हणून मगच सही करत?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑपरेशन थिएटरचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं. पेशंट तोच ना? ऑपरेशन कुठल्या बाजूचं? ॲलर्जी आहे का? कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजली का? त्यात एक मुद्दा असाही आहे की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी हसू आलं होतं, हे काय शाळेतल्यासारखं! पण एकदा तोंड उघडलेलं माणूस पुन्हा उघडतं, आणि काही खटकलं तर सिस्टरही बोलते. ही यादी जगातल्या आठ शहरांत करून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, एक कागद आणि बोलायची मुभा. कागद नुसता टिकमार्क करून फाईलला लावला तर अर्थातच काही होत नाही. आपल्याकडे बैठक न घेता इतिवृत्त लिहिणारे गट आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग आपण काय करायचं? आपण सिस्टर नाही आणि साहेबही नाही. पण वॉर्डात आपणही असतो, कधी कॉटवर, जास्त वेळा कॉटच्या खाली चटई टाकून. त्या रीतीत आपलाही वाटा आहे.

पहिलं म्हणजे नाव. इंजेक्शन, रक्त, गोळी, तपासणी, काहीही असो, कोणी "तुम्हीच ना?" विचारलं तर नुसतं "हो" म्हणू नका. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि वय स्वतः सांगा. कॉट बदलली असेल तर ते ड्युटी बदलल्यावर नवीन सिस्टरना आवर्जून सांगा. "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन?" असं विचारायला लाजू नका. चांगली सिस्टर या प्रश्नाने चिडत नाही. माझी बहीण म्हणते, पेशंटने विचारलं की तिलाही एकदा हातातली सिरिंज बघायला होते. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, आणि ते शिरेतून की तोंडातून, या पाच गोष्टी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यातली पहिली तपासायला तुम्ही मदत करू शकता.

घरी चालू असलेली औषधं सोबत न्या, रिकामी पाकिटं असली तरी चालतील. कुठल्या औषधाने पूर्वी पुरळ किंवा सूज आली असेल तर ते दाखल करतानाच सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

आणि एक, हे जरा रागावूनच लिहिते. सलाईनच्या नळीवरचं चाक आपण फिरवायचं नाही. "लवकर संपली म्हणजे घरी जाऊ" म्हणून चाक मोकळं सोडणारे नातेवाईक मी डोळ्यांनी पाहिलेत. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला त्याने धाप लागू शकते. नंतर शिव्या खायला सिस्टर असतेच. तसंच सिस्टर औषधांची ट्रे घेऊन फिरत असतील तेव्हा "अहो, चादर द्या ना" म्हणून मध्येच थांबवू नका. स्वयंपाकात मध्ये कोणी बोलावलं की आपण मीठ दोनदा घालतो, तसंच ते आहे.

चूक झालीच, तर आधी पेशंट बघा. आता काय उपचार चालू आहेत, पुढचे काही तास काय लक्ष ठेवायचं, हे शांतपणे विचारा. झालेली गोष्ट केसपेपरवर लिहायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि केसपेपरची प्रत मागणं हाही. आवाज चढवायचा मोह होतो, मी समजू शकते. माझ्या आईच्या वेळी मीही चढवला होता. पण त्या क्षणी खरं सांगणारं माणूस तुमच्यासमोर उभं असेल तर त्याला बोलू द्या, कारण तुमच्या माणसाला काय झालंय हे त्या घडीला त्यालाच सर्वात जास्त माहीत असतं. मारहाण, तोडफोड याविरुद्ध आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे, तोही मुलांना सांगून ठेवा.

एका प्रश्नावर आमच्या बैठकीत वाद झाला, तो इथे मांडते. "म्हणजे काय, कोणी काहीही करावं आणि आम्ही गप्प बसायचं?" तसं नाही. चुका तीन तऱ्हेच्या धरतात. एक, अनवधानाने झालेली, जशी आपल्या ताईंच्या बाबतीत. तिथे माणसाला सावरायचं आणि व्यवस्था सुधारायची. दुसरी, सवयीने पडलेली आडवाट, जसं हात न धुता एकीकडून दुसरीकडे जाणं, कारण सगळेच तसं करतात. तिथे समज द्यायची आणि ती सवय का पडली ते बघायचं, बेसिनला पाणी येतं का इथपासून. तिसरी, कळत असून केलेली: दारू पिऊन ड्युटी, कळा देणाऱ्या बाईला थप्पड, बोलावूनही न येणं, नोंदी खोट्या लिहिणं. तिसऱ्या तऱ्हेला माफी नाही, तिथे कारवाई मागायचीच. सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधीक्षक, त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक, आणि रुग्ण कल्याण समिती. खाजगी दवाखान्यांसाठी जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राचे शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले, रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं त्यांना बंधनकारक आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा ती भिंतीवर शोधा.

आता आपल्या अर्जाचं काय झालं, ते. या महिन्याच्या बैठकीत मी पिशवीतला मसुदा काढला आणि "कठोरात कठोर कारवाई" ही ओळ सगळ्यांसमोर खोडली. तीन जणींना ते पटलं नाही आणि त्यांनी सही केली नाही. त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही, त्यातल्या एकीची सून बाळंतपणात गेली आहे. बाकी अठरा जणींच्या सहीने नवीन पत्र गेलं. त्यात चार गोष्टी विचारल्या आहेत. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या मनगटावर नाव आणि नोंदणी क्रमांकाची पट्टी कधीपासून बांधणार? कॉट बदलली की केसपेपर हलवायची जबाबदारी कोणाची? रात्री त्या वॉर्डात किती सिस्टर असतात? आणि ज्या सिस्टरनी स्वतःहून चूक सांगून पेशंट वाचवला, त्यांना कामावरून काढलं का, काढलं असल्यास का?

शेवटचा प्रश्न ताईंनी स्वतः घालायला लावला. त्यांच्या मुलाला तो अजून मान्य नाही.

पत्र पोच घेऊन दिलंय, त्याला आज एकोणीस दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. पत्राची प्रत संघाच्या कार्यालयात ठेवली आहे. तुमच्या गावातलं कोणी रुग्ण कल्याण समितीवर किंवा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर असेल तर ती प्रत नेऊन आपल्या दवाखान्यात हेच चार प्रश्न विचारता येतील, फक्त शेवटचा तुमच्या तिथल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या. आणि तुमच्या घरात, गटात कोणाची मुलगी किंवा सून नर्स असेल तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला तिला पाठवा. बैठक रविवारी ठेवतोय, पण तिची ड्युटी असेल तर आधी कळवा, वेळ बदलू.